गावाचा पॉडकास्ट: विषय ठरवण्यापासून ग्रुपवर पाठवण्यापर्यंत

माइक घेण्याआधी वही घ्या आणि बारा भागांची यादी करा. प्रत्येक भागापुढे एक माणूस आणि एक प्रश्न लिहा. ‘आमच्या गावाचा इतिहास’ हा एका भागाचा विषय होत नाही, तो तिसऱ्या मिनिटाला विस्कटतो. ‘गावतळं कुणी खोदलं आणि ते उन्हाळ्यात कधीपासून आटायला लागलं’, ‘जत्रेत मानाच्या काठ्यांचा क्रम कसा ठरतो’, ‘मुक्कामी एसटी बंद झाल्यावर कॉलेजच्या मुली कशा जातात’ असे विषय हवेत. बारा सुचत नसतील तर अजून लोकांशी बोला.

श्रोते दोन प्रकारचे असतात, गावात राहणारे आणि पुण्या-मुंबईला गेलेले. भाग गावात राहणाऱ्यांसाठी करा. बाहेरचे तो आवडीने ऐकतातच, पण त्यांच्यासाठी केलेला भाग आठवणींचा गोडवा गात बसतो आणि गावातल्या माणसाला त्यात काही नवं मिळत नाही.

लांबी 15 ते 20 मिनिटं ठेवा आणि पंधरवड्याला एकच भाग जाहीर करा. वीस मिनिटांच्या नीट भागाला तयारी, भेट, काटछाट धरून आठ-दहा तास सहज जातात. पहिला भाग लावण्याआधी तीन भाग तयार असू द्या, कारण सुगीत आणि लग्नसराईत कुणीच निवांत सापडत नाही. आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी भाग लावला तर दुसऱ्या दिवशी बाजारात त्यावर बोलणं होतं.

पहिला भाग सरपंचांचा करू नका. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की त्या मुलाखतीवरून पॉडकास्टवर गटाचा शिक्का बसतो आणि दुसऱ्या गटाची माणसं बोलायला तयार होत नाहीत. तसंच पहिल्या सहा भागांत गावठाणाबाहेरच्या वस्त्या, मोहल्ला, मळ्यातली घरं यायलाच हवीत. हा पॉडकास्ट कुणाचा आहे, हे लोक त्या सहा भागांवरून ठरवतात.

सामान आणि जागा

दोन फोन आणि वायरचे दोन कॉलर माइक पुरतात. एक माइक साधारण हजाराच्या आसपास मिळतो. हेडफोनचं भोक नसलेल्या फोनला टाइप-सी जोडणी लागते. ती माइकचा आवाज आत घेणारी आहे ना, हे दुकानातच रेकॉर्ड करून पाहा. दोन माइक एकाच फोनला जोडायच्या भानगडीत पडू नका, कारण फोन दोन्ही आवाज एकाच पट्टीत (ट्रॅकमध्ये) मिसळतो आणि एकाची खोकल्याची उबळ दुसऱ्याच्या वाक्यातून काढता येत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र फोन द्या, दोन्ही सुरू झाले की एक जोरदार टाळी वाजवा आणि शेवटी पुन्हा एक. संगणकावर त्या टाळ्या जुळवल्या की दोन्ही पट्ट्या एका रेषेत येतात. शेवटची टाळी हवीच, कारण दोन फोनांचं घड्याळ किंचित वेगळं चालतं आणि तासाभरात तेवढाही फरक कानाला कळतो.

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावा. पदर, उपरणं, मंगळसूत्राचे मणी त्याला घासले की करकर येते आणि ती नंतर निघत नाही. मणी बाजूला सारा, वायर पदराखालून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही (न दाबलेली, मोठी फाइल), 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो (एकच पट्टी) निवडा. मिनिटाला साधारण 5 एमबी जागा लागते, म्हणजे तासाला 300. आवाजाची पातळी उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान खेळू द्या. मोठ्याने हसल्यावर काटा शून्याला टेकला तर तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

स्लॅबची रिकामी खोली घुमते. धान्याची पोती किंवा गाद्यांची चळत असलेली खोली सर्वांत चांगली. नसेल तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि समोर गोधड्या टांगा. पंखा आणि फ्रिज बंद करा, निघताना फ्रिज आठवणीने लावा. पत्र्याखाली पावसात रेकॉर्डिंग करूच नका. थ्री फेज वीज कधी असते ते आधी विचारा, कारण त्या वेळेत गिरणी, कडबाकुट्टी आणि मोटारी सुरू असतात. शेवटी सगळे गप्प बसून एक मिनिट नुसती शांतता टिपा. तिचा उपयोग पुढे आहे.

बोलतं करणं

म्हाताऱ्या माणसाला ‘तुमच्या लहानपणाबद्दल सांगा’ म्हटलं की ‘काय सांगायचं, लई हाल होते’ एवढ्यावर थांबतं. ठोस घटनेला धरून विचारा. ‘72 च्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता? खडी फोडायला घरातून कोण जायचं? सुकडी कुठे वाटायचे? मिलोची भाकरी कशी व्हायची?’ सुकडी म्हणजे तेव्हा वाटलं जाणारं पौष्टिक खाणं, मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. एवढं विचारलं की हातांची चाळवाचाळव सुरू होते, लाल मिलोच्या पिठाला चिकटपणा नव्हता की होता यावर शेजारची जाऊबाई मध्येच तोंड घालते आणि भाग तिथे उभा राहतो. जाऊबाईंना गप्प करू नका, त्यांच्याजवळ दुसरा फोन सरकवा.

अशा घटनांमुळे सालही बसतं. सातारा-सांगलीकडे 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, लातूर-धाराशिवकडे 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा. ‘भूकंपाच्या आधी का नंतर?’ एवढ्या प्रश्नाने विहिरीचं, लग्नाचं, स्थलांतराचं वर्ष जवळपास कळतं.

प्रश्न विचारून पाच सेकंद थांबा. या थांबण्याचीच सवय नसते, आणि चांगलं वाक्य बहुधा त्या थांब्यानंतर येतं. ‘हं, हं’ म्हणू नका, मान हलवा. बोली सुधारू नका.

सुरुवातीलाच माणसाच्या तोंडून नाव, गाव, तारीख आणि ‘हे इंटरनेटवर लावायला माझी हरकत नाही’ हे वाक्य रेकॉर्ड करा. इंटरनेटवर म्हणजे परगावचे पाहुणेही ऐकणार, हे आधी समजावून सांगा. बांधाचे वाद, भाऊबंदकी, कुणाच्या सुनेची गोष्ट कापून टाका. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार गुन्हा आहे. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख कोणत्याही आडवळणाने कळू देऊ नका, पॉक्सो कायद्यात (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) त्याला मनाई आहे.

काटछाट आणि वाटप

ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. टिपलेली शांतता निवडून ‘नॉइज रिडक्शन’ला नमुना द्या आणि 12 डेसिबलवर चालवा. त्यापुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडी घरघर परवडली. मग ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने मोनोसाठी उणे 19 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) ठेवा, स्टिरिओ असेल तर उणे 16. ही पायरी चुकली की एका भागाला आवाज वाढवावा लागतो आणि पुढच्याला कान फाटतात.

सिनेमाचं गाणं लावू नका, दहा सेकंदसुद्धा. गावातल्या हलगी किंवा संबळ वाजवणाऱ्यांकडून पंधरा सेकंदांचा तुकडा रेकॉर्ड करून घ्या, मानधन द्या आणि लेखी परवानगी घ्या. भागाच्या शेवटी त्यांचं नाव दर वेळी घ्या.

तयार भागाची 64 केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) मोनो एमपी3 केली की वीस मिनिटांचा भाग साडेनऊ एमबीच्या आसपास बसतो. स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्ससारख्या मोफत ठिकाणी तो चढवला की आरएसएस फीड, म्हणजे नवे भाग ॲपांना आपोआप कळवणारा दुवा, मिळते. तीच एकदा ॲपल पॉडकास्टला दिली की पुढचे भाग आपोआप जातात. फीडमधला ईमेल कुणालाही दिसू शकतो, म्हणून वेगळा पत्ता काढा. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेलचं, त्यावर तीन-चारच देवनागरी शब्द. फोनवर ते नखाएवढं दिसतं.

पण गावात ॲप उघडून ऐकणारे थोडे. म्हणून तीच एमपी3 फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर थेट टाका, सोबत एका ओळीत कोण बोलतंय आणि कशावर ते लिहा. नाव ओळखीचं दिसलं की माणूस ऐकतो. किती जणांनी ऐकलं याचा आकडा यातून मिळत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. भागातली चूक कुणी दाखवली तर पुढच्या भागाच्या पहिल्याच मिनिटात दुरुस्ती सांगा.

मूळ डब्ल्यूएव्ही फायली कधीही पुसू नका. नाव तारखेपासून सुरू करा, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, मग वस्ती, मग माणूस. दोन हार्ड डिस्कवर प्रती ठेवा आणि त्यातली एक गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्या. बोलणाऱ्याच्या घरच्यांना पूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नेऊन द्या.