टाइमशेअर दान करायला निघाले तेव्हा

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर तीन डब्यांचा कॅसरोल सेट आहे. मधल्याचं झाकण पहिल्या दिवसापासून बसत नाही. 2011 साली हायवेलगतच्या एका मॉलमध्ये कूपन भरलं, दोन दिवसांनी 'बक्षीस लागलंय, जोडीने या' असा फोन आला. ते बक्षीस आणायला गेलेले आम्ही दोघं तीन तासांनी पंचवीस वर्षांची हॉलिडे मेंबरशिप गळ्यात घालून ठाण्यात पाचपाखाडीला परतलो. हाच तो टाइमशेअर: दर वर्षी काही दिवस कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. दोन लाख दहा हजार, हप्त्यांनी. विमा कंपनीत तीस वर्षं मी लोकांना 'सही करण्याआधी अटी वाचा हो' म्हणून सांगत आले, आणि माझी स्वतःची सही मात्र कॅसरोलकडे बघत झाली.

सुरुवातीला गोवा झालं, कूर्ग झालं. मग ह्यांचे गुडघे गेले, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. वार्षिक देखभाल शुल्क मात्र कुठे जात नाही. तुम्ही जा अथवा न जा, ते येतंच. पहिल्या वर्षी 6,800 होतं, ते जीएसटीसकट 17,400 वर पोचलं. तेव्हा डोक्यात आलं, एखाद्या संस्थेला देऊन टाकू. पुण्यही लागेल आणि बिलही थांबेल. तुमच्याही डोक्यात हेच असेल तर माझे दीड वर्षाचे हेलपाटे तुमच्या कामी येतील.

आधी कपाटातला करार काढा. एकच गोष्ट शोधा: तुमच्याकडे मालकी आहे की नुसता वापराचा हक्क? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फक्त हक्क असतो. इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) नाही, सातबारा नाही, म्हणजे घरासारखं बक्षीसपत्र करून देण्याजोगं काही हातात नसतं. मग 'हस्तांतरण' हे कलम बघा. माझ्या करारात सभासद म्हणजे सज्ञान व्यक्ती, असं स्पष्ट लिहिलेलं निघालं. ट्रस्ट ही व्यक्ती नव्हे, त्यामुळे माझा अर्धा बेत तिथेच बारगळला. हस्तांतरण फी किती, थकबाकी असताना हस्तांतरण होतं का, पाहुणे पाठवता येतात का, हेही त्याच बैठकीत टिपून ठेवा.

एका विश्वस्ताच्या नावावर करून टाका, असा सल्ला मला एका ओळखीच्याने दिला. हे अजिबात करू नका. उद्या तो माणूस विश्वस्त राहिला नाही, की मेंबरशिप त्याच्या घरात आणि शुल्काची कटकट संस्थेच्या दारात.

तरीही मी बदलापूरकडच्या एका बालगृहात विचारायला गेले. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी चहा दिला, फाइल चाळली आणि विचारलं, "काकू, खोलीत किती माणसं मावतात?" चार. "आमची मुलं बावीस. जेवण त्यात आहे?" नाही. "गाडीभाडं?" नाही. "आणि हे सतरा हजार दर वर्षी कोण भरणार?" मी गप्प. मग त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे जे तुम्हाला झेपेना, ते आम्ही घ्यायचं."

राग आला नाही, कारण खरंच होतं. मी दान म्हणत होते आणि मनात बिल होतं. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सुट्टीचे दिवस कुणाच्या तरी उपयोगाचे होते, ते द्यायचे. शुल्काचं ओझं ज्याने गळ्यात घातलं त्यालाच परत करायचं.

दिवस देणं सोपं निघालं. बाईंनीच सुचवलं की मुलांपेक्षा मावश्यांना पाठवा. रात्रपाळी करणाऱ्या चार मावश्या, त्यातल्या दोघींनी महाबळेश्वर फक्त स्ट्रॉबेरीच्या खोक्यावर वाचलेलं. माझ्या नावावर तीन रात्रींचं बुकिंग केलं आणि पाहुणे म्हणून चौघींची नावं दिली. इथे लक्ष द्या: नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहा. एका मावशीचं आडनाव आम्ही माहेरचं लिहिलं होतं, ते दुरुस्त करायला दोन फोन लागले. पाहुण्यांची फी असेल तर आधीच भरून टाका. खोलीत काही मोडलं तर जबाबदारी सभासदाची असते, ती तुमच्यावर आहे असं संस्थेला लेखी कळवा, नाहीतर त्या बिचाऱ्या कपाला हात लावायला घाबरतात. ठाण्याच्या वंदना एसटी स्थानकाहून पुणे, पुढे स्वारगेटहून महाबळेश्वर असा प्रवास ठरला. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च आवाक्यात राहिला.

पहिल्या रात्री नऊ वाजता मावशींचा फोन. "ताई, गीझर चालू ठेवला तर बिल वेगळं येतं का?" नाही म्हटल्यावर मागे कुणीतरी ओरडलं, "लाव गं, लाव!"

कराचा भ्रमही इथेच काढून टाका. 80जी, म्हणजे दानावर मिळणारी आयकराची वजावट, फक्त पैशांच्या दानाला मिळते. खोली, वस्तू, हक्क यांना नाही. रोख दिलं तर दोन हजारांपर्यंतच, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर 80जी नाहीच. मी प्रवास आणि जेवणाचे आठ हजार संस्थेच्या खात्यात चेकने दिले, त्याची रीतसर पावती मिळाली. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना आणि तिचं 80जी चालू आहे ना, एवढं चेक फाडण्याआधी बघा. विचारायला लाजू नका, चांगल्या संस्था कागद स्वतःहून पुढे करतात.

अमेरिकेत दानाचा रस्ता जास्त रुळलेला आहे असं ऐकून मी नणंदेला विचारलं. ती न्यू जर्सीत, तिचा टाइमशेअर फ्लोरिडात. तिथे मालकीचा दस्त असलेला टाइमशेअर दान करता येतो, पण देखभाल शुल्काच्या भीतीने बऱ्याच संस्था नको म्हणतात. नुसता एक आठवडा वापरायला दिला तर करात काहीच मिळत नाही. पाच हजार डॉलरहून जास्त किंमत लावायची तर मूल्यांकन करून घ्यावं लागतं. आणि दस्त नव्या नावावर नोंदला गेल्याशिवाय बिलं जुन्याच पत्त्यावर येत राहतात. फ्लोरिडात सही केल्यावर दहा दिवसांत करार रद्द करता येतो. नणंदेला हे कळलं तेव्हा दहा वर्षं झाली होती.

तिथे काय, इथे काय, आधी पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. 'मॅडम, तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटीचे अठरा हजार आधी भरा' असे मला तीन फोन आले. एकाला माझा सभासद क्रमांकसुद्धा पाठ होता. एकच उत्तर द्यायचं, मिळणाऱ्या रकमेतून कापून घ्या. फोन आपोआप बंद होतो. पैसे गेलेच तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

आता ओझं परत करायचं काम. पैसे भरणं नुसतं थांबवू नका, थकबाकीवर व्याज चढतं आणि कंपनीचा हात वर राहतो. मी एका पानाचं पत्र लिहिलं: सभासद क्रमांक, आजवर भरलेली रक्कम, वापर थांबण्याचं कारण, ह्यांच्या डॉक्टरांचा दाखला, आणि 'परतावा न मागता मेंबरशिप सोडत आहे, लेखी समाप्तीपत्र द्यावे' ही ओळ. स्पीड पोस्टाने, तेच ईमेलवरही. उत्तर म्हणून फोन आले, अपग्रेडची ऑफर आली, पुढच्या दोन वर्षांचं शुल्क भरा म्हणाले. प्रत्येक फोननंतर मी 'आज आपण असे म्हणालात' असा ईमेल टाकत गेले. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, ईमेल राहतो.

चार महिन्यांनी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा कंपनीची भाषा मऊ झाली. तेवढ्याने भागलं नसतं तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज माझा तयार होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र पाळावी लागते.

सातव्या महिन्यात चालू वर्षाचं शुल्क भरून समाप्तीपत्र हातात आलं. त्यावर 'कोणतीही थकबाकी नाही' हे शब्द आहेत ना ते बघा, कंपनीने मला आधी पाठवलेल्या पत्रात नव्हते, पुन्हा मागून घेतले. मग बँकेत जाऊन खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी रद्द केली. हे विसरलात तर पत्र एकीकडे आणि पैसे दुसरीकडे. बिल दर एप्रिलला यायचं. या एप्रिलला आलं नाही. मी मेमध्येही दोनदा पासबुक भरून आणलं.