वाफेवर लाकूड वाकवताना या चुका टाळा

साच्यावर पट्टी कडकन मोडली की शिकणाऱ्याचा पहिला अंदाज ठरलेला असतो: वाफ कमी पडली. मग पुढची पट्टी दुप्पट वेळ वाफेच्या पेटीत राहते आणि तीही मोडते. बहुतेक वेळा गडबड वाफेत नसतेच, लाकूड निवडतानाच झालेली असते. मोडलेला तुकडा ती दाखवतो, म्हणून तो फेकून देऊ नका. उजेडात धरा आणि कुठून, कसा मोडलाय ते बघा.

तुकडा काय सांगतो

वाकाच्या बाहेरच्या बाजूला लांब, तिरकी ढलपी उठली असेल तर दोष लाकडाच्या रेषांचा, म्हणजे तंतूंच्या दिशेचा आहे. पट्टी कडेने बघा. रेषा कडेला समांतर धावायला हव्यात. त्या तिरक्या जाऊन जिथे कडेबाहेर पडतात, नेमकी तिथूनच ढलपी सुटते. पट्टीच्या 15 सेंमी लांबीत रेष 1 सेंमीपेक्षा जास्त सरकत असेल तर ती पट्टी वाकवायला घेऊ नका, जिथे वाक नाही अशा सरळ भागासाठी ठेवा. रेषा दिसत नसतील तर पृष्ठभागावर शाईचा थेंब टाका. शाई रेषेच्या दिशेने पसरते. आणि दोन बाजू तपासा, एक नाही. वरून सरळ दिसणारी रेष कडेने तिरकी असणं नेहमीचंच आहे. गाठ कितीही बारीक असली तरी वाकाच्या जागी नको.

तुकडा आखूड आणि जवळजवळ आडवा तुटला असेल, लांब तंतू दिसतच नसतील, तर लाकूड फार कोरडं होतं. फर्निचरसाठी भट्टीत वाळवलेल्या लाकडात ओलावा 6 ते 8 टक्क्यांवर आलेला असतो. ते वाफेवर पुन्हा पहिल्यासारखं लवचीक होत नाही. काही दिवस पाण्यात भिजवून थोडी मदत होते, पण भरवसा धरू नये. हवेवर वाळवलेलं, 20 ते 25 टक्के ओलावा असलेलं लाकूड यासाठी सगळ्यात चांगलं. ओलावा मोजणारं मॉइश्चर मीटर नसेल तर निदान लाकूड कसं वाळवलंय हे विचारूनच घ्या.

आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या असतील तर उलटी गोष्ट: लाकूड फार ओलं होतं किंवा गरजेपेक्षा जास्त वेळ वाफेत राहिलं. अशा वेळी वेळ वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

जातीचाही विचार हवा. ॲश, बीच, ओक, एल्म, तुती ही वाफेवर चांगली वाकणारी लाकडं. पाइनसारख्या मऊ लाकडावर शिकायला सुरुवात करू नका. मऊ आहे म्हणून ते सहज वाकेल असं वाटतं, पण तसं होत नाही.

पट्ट्याशिवाय वाकवणं

इथे थोडं गणित समजून घेण्यासारखं आहे. उष्णता आणि ओलावा मिळाला की लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा घटक, मऊ होतं. असं लाकूड लांबीच्या दिशेने दाबलं तर चांगल्या जातीत 25 ते 30 टक्क्यांपर्यंत आखडतं. ताणलं तर मात्र जेमतेम 1 ते 2 टक्के. आता 25 मिमी जाडीची पट्टी 250 मिमी त्रिज्येच्या साच्यावर वाकवा. पट्टीचा मध्य जसाच्या तसा राहिला तर बाहेरची बाजू सुमारे 5 टक्के ताणली जायला हवी. ती ताणली जाणार नाही, फाटणार.

उपाय म्हणजे बाहेरून पोलादी पट्टा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पक्के ठोकळे. ठोकळ्यांमुळे लाकडाची बाहेरची बाजू लांब होऊच शकत नाही, आतली बाजू मात्र आखडते. मिशाएल थोनेट यांनी एकोणिसाव्या शतकात बीचच्या खुर्च्या अशाच पट्ट्यांच्या मदतीने वाकवल्या. 1859 ची त्यांची 14 नंबरची खुर्ची आजही ओळखली जाते.

पट्टा बांधूनही मोडतंय? मग टोकं बघा. ठोकळा आणि लाकूड यांत फट असेल तर ती बुजेपर्यंत सगळा ताण लाकडावरच येतो. टोकं काटकोनात कापा, पाचर मारून फट घालवा. ओकसारख्या टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर ओलं लोखंड टेकलं की निळे-काळे डाग पडतात, म्हणून पट्टा स्टेनलेस स्टीलचा घ्या.

पेटी आणि वेळ

25 मिमी जाडीला एक तास हा ढोबळ हिशोब. तो फक्त जाडीचा, रुंदीचा नाही. मोजायला सुरुवात कधी करायची, इथे गफलत होते. पेटीच्या दूरच्या टोकाला थर्मामीटर लावा आणि तिथलं तापमान 100 अंशांच्या जवळ पोचलं की घड्याळ लावा. पट्ट्या तळाला टेकवू नका. आडव्या लाकडी दांड्यांवर ठेवा, म्हणजे चारही बाजूंनी वाफ फिरते. वाफ तयार करणाऱ्या भांड्यात मध्येच गार पाणी ओतलं तर वाफ थांबते. भर घालायची तर उकळत्या पाण्याची.

पेटी कधीही हवाबंद करू नका. वाफ आणि पाणी बाहेर जायला भोक हवंच, नाहीतर आत दाब साठतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दार उघडताना बाजूला उभे राहा; जाड हातमोजे घातल्याशिवाय आत हात नको.

बाहेर काढल्यावर

वेळ मिनिटांत नाही, सेकंदांत असतो. पातळ पट्टी तर बघता बघता गार होते. म्हणून आधी कोरडी तालीम करा: क्लॅम्प उघडे, योग्य क्रमाने मांडलेले, कोण कुठे धरणार हे ठरलेलं. वाकवताना झटका देऊ नका आणि मध्ये थांबूही नका. एका दमात, सलग ओढा.

साच्यावरून घाईने काढलेली पट्टी पुन्हा सरळ व्हायला बघते. साधारण आठवडाभर ती साच्यावर किंवा त्याच आकाराच्या चौकटीत बांधून वाळू द्या. जाड लाकडाला आणखी वेळ लागतो. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, पृष्ठभागावर चिरा पडतात. काही प्रमाणात तरी ती उघडतेच, त्यामुळे साचा हव्या त्या वाकापेक्षा थोडा जास्त वाकाचा ठेवा. सांधे कापणं आणि गोंद लावणं मात्र ओलावा खाली येऊन आकार स्थिरावल्यावरच.