येताना काय आणलंत? वस्तीची भिंत रंगवायची माझी रीत

मी मूळचा भालकीचा, बिदर जिल्ह्यातला. २००३ साली पुण्यात आलो आणि दुकानांचे बोर्ड रंगवू लागलो. मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही अक्षरं हातात होती. पुढे फ्लेक्स आलं, बोर्डाचं काम बसलं आणि मी भिंतींकडे वळलो.

‘मूळचे कुठले?’ हे मला इथं इतक्या लोकांनी विचारलंय, की वस्तीत काम करताना मी ते कुणालाच विचारत नाही. मी विचारतो, ‘पहिल्यांदा इथं आलात तेव्हा बरोबर काय आणलं होतंत?’ सगळी भिंत या एका प्रश्नावर उभी राहते. जनवाडी-गोखलेनगर भागात एका मंडळाच्या सभागृहाची साठ फूट लांब, आठ फूट उंच भिंत मी अशीच केली. तुमच्या वस्तीत करायची असेल तर तिचाच अनुभव सांगतो.

पहिले पंधरा दिवस ब्रशला हात लावू नका. नुसती वही घेऊन फिरा. बैठक बोलावलीत तर नेहमीचे चारजणच बोलतात. बायका नळावर भेटतात, म्हातारी माणसं संध्याकाळी कट्ट्यावर. ‘आपलेपणा म्हणजे काय’ असं विचारलंत तर लोक भाषण करतात. वस्तू विचारली की ती केवढी होती ते हातांनी दाखवतात. ते माप तिथल्या तिथं वहीत काढून घ्या. कलबुर्गीच्या गवंड्यानं ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का बघायचं दोरीचं वजन, आणला होता. किल्लारीच्या बाईंनी १९९३च्या भूकंपात पडलेल्या घराच्या दाराची कडी आणली होती; ती त्यांनी पदराखालून काढून माझ्या हातात ठेवली. कडी हातात घेतल्यावर कळलं की ती एका बाजूनं झिजलीय. ती झीज मला नुसती ऐकून काढता आली नसती.

एक आजी म्हणाल्या, ‘मला कशाला विचारता? मी पुण्याचीच, नारायण पेठेतली.’ १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. घर गेलं. पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा कुटुंब इकडं आलं. ‘अंगावरच्या परकरानिशी निघालो. आठवड्यानं चिखलात आईचा हंडा सापडला, पोचा पडलेला.’ मी हंडा काढून त्यांना दाखवायला नेला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, ‘पोचा या बाजूला होता.’ मी चित्र पुन्हा काढलं. म्हणून भिंतीवर चढवण्याआधी प्रत्येक चित्र ज्याचं त्याला नेऊन दाखवा. हा टप्पा कितीही घाई असली तरी गाळू नका.

परवानगी लेखी घ्या. भिंत ज्यांची त्यांचं सहीशिक्क्याचं पत्र हवं. महापालिकेची भिंत असेल तर आधी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करा. परवानगीशिवाय भिंत रंगवली तर मालमत्तेच्या विरूपणाविरुद्धचा १९९५चा कायदा लागू शकतो. त्याच पत्रात आणखी एक ओळ घालून घ्या: भिंतीवर कुणाचा फोटो नाही, शुभेच्छुकांची यादी नाही, सगळ्यांची नावं तीन इंच उंचीच्या अक्षरात. काम अर्ध्यावर आलं की एखादं नाव मोठं करण्याचा आग्रह हमखास होतो. तेव्हा कागद दाखवता येतो.

आता भिंत. माझी सुरुवातीची एक भिंत एका पावसाळ्यात गेली. मी ओल न बघता पुट्टी मारली होती. वर्षभरात लोणा फुटला, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतला पांढरा क्षार बाहेर आला, पापुद्रे सुटले आणि लोकांनी सांगितलेली चित्रं त्याबरोबर गळून पडली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून दोन फुटांचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीनं लावून एक दिवस-रात्र ठेवतो. आतून पाण्याचे थेंब जमले तर आधी गळती शोधायची, रंगाचं नाव काढायचं नाही. नवं प्लास्टर असेल तर २८ दिवस थांबा. जुना सुटलेला रंग खरवडा, तारेच्या ब्रशनं घासा. बाहेरच्या भिंतीला पांढऱ्या सिमेंटची पुट्टीच वापरा. घरातली अ‍ॅक्रिलिक पुट्टी पावसात टिकत नाही. मग बाहेरचा प्रायमर.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाहेरचं इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं. आमची भिंत ४८० चौरस फुटांची, म्हणून पार्श्वभूमीला दहा लिटरची बादली पुरली. लाल-पिवळ्यासाठी गेरूच्या जातीचे, म्हणजे ऑक्साइडचे रंग घ्या. ते उन्हात लवकर उडत नाहीत. भिंत पश्चिमेला असेल तर हे जास्तच पाळा, दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही तिलाच बसतात. एक छटा एकदाच, लागेल तेवढी कालवा. नंतर ती पुन्हा जुळत नाही.

चित्र चढवायला गेरूत भिजवलेली दोरी ताणून फुटाफुटाच्या चौकटी पाडा, वहीतल्या चित्रावरही तेवढ्याच चौकटी पाडा, आणि एकेक चौकट उतरवत जा. बाह्यरेषा मी काढतो. आत रंगाचे आकडे लिहितो: १ गेरू, २ पिवळा, असे. मग सकाळी सात ते दहा वस्ती येते आणि आकडे बघून भरते. लहान मुलांना खालचे चार फूट. परांचीवर मोठेच, आणि तेही एका वेळी दोघे.

नावं मात्र मी लिहून देत नाही. ज्याचं त्यानं खडूनं, आपल्या लिपीत लिहायचं. मी त्यावरून ब्रश फिरवतो. आमच्या भिंतीवर देवनागरी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू आहे. किल्लारीच्या बाईंना लिहिता येत नव्हतं, तर त्यांच्या नातीनं लिहिलं. ‘जी’ची वेलांटी तिरकी झालीय. ती मी तशीच ठेवली.

शेवटच्या दिवशी बायकांनी मलाच धरलं, ‘पेंटरमामा, तुम्ही काय आणलं होतंत?’ वडिलांचा नऊ नंबरचा ब्रश. केस झडलेत, अजून माझ्याजवळ आहे. तो त्यांनी काढायला लावला, ओळंब्याशेजारी, आणि नाव कन्नडमध्येच लिहा म्हणाल्या. मी आजवर पुण्यात हजारभर बोर्ड लिहिले असतील, पण रस्त्यावरच्या भिंतीवर स्वतःचं नाव लिहायची ती पहिली वेळ. हात थरथरत होता.

उरलेला रंग टाकू नका. छोट्या डब्यांत भरून वर आकडा लिहा आणि डबे वस्तीतल्याच घरांत वाटा. दिवाळीआधी, पाऊस संपून भिंत वाळली की एक रविवार ठरवून ज्यानं त्यानं आपली वस्तू दुरुस्त करायची. हंड्याच्या तांबूस रंगाचा डबा आजींच्या माळ्यावर असतो. गेल्या वर्षी पोच्याजवळ टवका उडाला होता. त्यांनी स्टुलावर बसून स्वतः भरला.