द्राक्षांच्या गावात पिल्लू घरी आणताना

गल्लीतल्या कुत्र्या बहुतेक पावसाळा सरताना माजावर येतात आणि दिवाळीपासून थंडी संपेपर्यंत कुठल्या तरी जिन्याखाली पिल्लं देतात. ती पिल्लं घरी आणण्याजोगी होतात तेव्हा डिसेंबर-जानेवारी उजाडलेला असतो. नेमकी तेव्हाच नाशिकच्या घराघरांत द्राक्षं यायला लागतात, आणि द्राक्ष हे कुत्र्यासाठी विष आहे. म्हणून पिल्लाची तयारी गळपट्टा आणि वाटी खरेदी करण्यापासून सुरू करू नका, आपल्या घरापासून करा.

आधी वय विचारा

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आणू नका. आईजवळ आणि भावंडांत राहूनच ते चावायचं किती जोरात हे शिकतं. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही, आणि विकणाऱ्याकडे नोंदणी असावी लागते. विकत घेणार असाल तर पिल्लाची आई बघायला मागा. ती दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर तिथून निघा. माझं मत विचाराल तर गल्लीतलं गावठी पिल्लू घ्या. आपला उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. हस्कीसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला एप्रिलमधल्या सिडकोतल्या वरच्या मजल्यावर ठेवणं मला पटत नाही.

जमिनीवर बसून घर बघा

खरंच फरशीवर बसा आणि पिल्लाच्या उंचीवरून सगळ्या खोल्या बघा. लोंबणारी चार्जरची वायर, पलंगाखालचं उंदराचं औषध, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उशाशी ठेवलेली पॅरासिटामॉलची पट्टी हे सगळं वर गेलं पाहिजे. गॅलरीच्या गजांना खालून जाळी बांधा. कुंडीत किंवा कंपाउंडला कण्हेर असेल तर पिल्लाला तिकडे जाऊ देऊ नका. तिचं पान, फूल, काडी सगळंच हृदयावर परिणाम करतं. गुळगुळीत टाइल्सवर वाढत्या पिल्लाचे पाय फाकतात, म्हणून ते जिथे खेळणार तिथे जुनी सतरंजी अंथरा.

द्राक्षं, बेदाणे आणि कांदा

आमच्या चिंगीला येऊन दुसराच आठवडा होता. गावाहून द्राक्षांचा क्रेट आला आणि आम्ही तो सवयीनं स्वयंपाकघरात खाली ठेवला. तिनं घरंगळलेले पाच-सहा मणी खाल्ले. रात्री उलट्या सुरू झाल्या, सकाळी ती वाटीकडे बघेना. तीन दिवस सलाईन लावल्यावर ती वाचली. तेव्हापासून आमच्याकडे क्रेट थेट ओट्यावर जातो.

द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं अलीकडे मानलं जातं. किती मणी खाल्ले तर धोका, याचं भरवशाचं माप नाही. एखादं कुत्रं बरंच खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोडक्यात आजारी पडतं. वाळल्यावर द्राक्ष आणखी तीव्र होतं. म्हणजे बेदाणे, मनुका, प्रसादाच्या शिऱ्यातले आणि चिवड्यातले बेदाणे, सगळंच वर्ज्य. पिल्लानं खाल्लेलं दिसलं की लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. पहिल्या एक-दोन तासांत औषध देऊन उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्या मिठाचाही अपाय होतो.

कांदा सावकाश घात करतो. कच्चा, शिजलेला, भज्यातला, मिसळीच्या तर्रीतला, कसाही असो, तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या दिसतात, लघवी गडद होते, पिल्लू पडून राहतं. लसूणही त्याच कुळातला. घरातल्या प्रत्येकाला हे सांगा, आजी-आजोबांना आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तर आवर्जून, कारण प्रेमानं ताटातला घास तेच देतात.

पहिल्या दोन दिवसांत डॉक्टर

सहा ते आठ आठवड्यांचं असताना पहिली एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुढचे डोस, आणि शेवटचा सोळा आठवड्यांचं झाल्यावर. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा. लसीचं कार्ड जपून ठेवा. महापालिकेत कुत्र्याची नोंदणी करताना तेच लागतं.

डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात आणि आपल्या चपलेला लागूनही घरात येतात. उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा दिसला तर एक रात्रसुद्धा थांबू नका.

पण याच काळात, साधारण चौदा आठवड्यांपर्यंत, पिल्लू जगाला सरावतं. पुढे तो सराव करवणं फार कठीण जातं. म्हणून त्याला कडेवर घेऊन हिंडवा. कुकरची शिट्टी, मिक्सर, रिक्षा, टोपीवाले आजोबा, शाळेतून सुटलेली मुलं हे सगळं वरूनच दाखवा.

पहिली रात्र

ते रडणार. आजवर ते कधी एकटं झोपलेलं नसतं. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या दिवसांत शहाबादी फरशी बर्फासारखी होते. खोक्यात गोणपाट, त्यावर जुनी गोधडी, आणि आईजवळून आणलेलं एखादं फडकं ठेवा. खोकं तुमच्या पलंगाशेजारी असू द्या. रडलं की हात खाली सोडायचा. रागवायचं नाही, आणि दुसऱ्या खोलीत कोंडायचं तर अजिबात नाही. पहिले काही दिवस आंघोळही नको.

खाणं

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा. आधीच्या घरी जे खात होतं तेच आठवडाभर द्या आणि हळूहळू बदला. आपल्याकडे दूध-पोळीवर कुत्रं वाढवायची रीत आहे, पण गाई-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना बाधतं आणि नुसत्या पोळीवर त्याची हाडं भरत नाहीत. पिल्लांचं तयार खाद्य, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन-भात चालेल. शिजवलेली हाडं मात्र नकोत. त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात.

शी-शू

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर दर वेळी एकाच ठरावीक जागी न्या, झालं की लगेच शाबासकी द्या. जितके महिने वय, साधारण तितकेच तास ते रोखू शकतं. घरात झालं तर नाक घासू नका, ओरडू नका. त्यातून ते तुमच्यासमोर न करणं तेवढं शिकतं. पुसताना तीव्र फिनाईल टाळा, ते पंजाला लागून चाटण्यातून पोटात जातं.

पहिली फेरी

जानेवारीत आणलेल्या पिल्लाचे डोस मार्चमध्ये पुरे होतील. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी गोदावरीच्या काठानं किंवा गंगापूर रोडला फिरायला न्या, पण सकाळी सातच्या आत. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर ते दिवस मावळल्यावरच न्या. आणि परतल्यावर कानांमागे, बोटांच्या फटींत गोचीड चिकटलेली नाही ना, हे रोज चाचपा.