डेस्कटॉप रात्री बंद करावा की स्लीपवर ठेवावा? वीज जाणाऱ्या घरासाठी रोजची पद्धत

लॅपटॉपचं झाकण मिटून उठता येतं, कारण त्याच्या पोटात बॅटरी असते. डेस्कटॉपला ती नसते. स्लीप की शटडाउन हे ठरवताना वीजबिलाचा विचार नंतर करा. तुमच्याकडे वीज किती वेळा जाते आणि यूपीएस (वीज गेल्यावर काही मिनिटं संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा डबा) आहे का, हे आधी बघा.

स्लीपमध्ये प्रोसेसर, पंखे, डिस्क सगळं थांबतं, फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, वीज मिळत राहते. उघडलेल्या फायली रॅममध्येच असतात, म्हणून दोन-तीन सेकंदांत काम जिथल्या तिथे समोर येतं. पण वीज क्षणभर जरी गेली तरी रॅम कोरी होते. आधी सेव्ह केलेली फाइल डिस्कवर सुरक्षित राहते, सेव्ह न केलेलं मात्र गेलं.

हायबरनेट हा मधला मार्ग लोक विसरतात, आणि आपल्याकडच्या डेस्कटॉपला तोच सगळ्यात उपयोगी आहे. त्यात विंडोज रॅममधला सगळा मजकूर सी ड्राइव्हवर उतरवून मशीन बंद करतं. त्यानंतर भिंतीवरचं बटण बंद केलं तरी काही बिघडत नाही. सकाळी एसएसडीवर (नव्या प्रकारच्या वेगवान डिस्कवर) १५-२० सेकंदांत, जुन्या हार्ड डिस्कवर मिनिटभरात सगळं परत उघडतं.

शटडाउनबद्दल एक गैरसमज आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन पूर्ण होतच नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच साठवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, 'अप टाइम' बघा. रोज शटडाउन करूनही तिथे १०-१२ दिवस दिसले तर कारण हेच. म्हणून अडकलेला प्रिंटर किंवा मंदावलेलं मशीन शटडाउनने सुधारत नाही, रीस्टार्टने सुधारतं. रीस्टार्ट नेहमी पूर्ण असतो. पूर्ण शटडाउन हवा असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा.

आता एकदाच करायची मांडणी. विंडोज १० आणि ११ दोन्हींत ती सारखीच आहे.

१. स्टार्टमध्ये 'कंट्रोल पॅनेल' शोधून उघडा. उजवीकडे वर 'लार्ज आयकॉन्स' निवडा आणि 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जा.

२. डावीकडच्या 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'वर क्लिक करा.

३. वरच्या बाजूची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा. ती दाबली नाही तर खालचे चौकोन फिकेच राहतात, आणि बरेच जण इथेच अडकतात.

४. 'हायबरनेट'वर टिक करा. विंडोज एसएसडीवर असेल तर 'फास्ट स्टार्टअप'ची टिक काढा. वाचणारे चार-पाच सेकंद त्या त्रासाच्या मोलाचे नाहीत. त्याच मशीनवर लिनक्सही असेल तर काढाच, नाहीतर लिनक्सला विंडोजच्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही.

५. 'व्हेन आय प्रेस द पॉवर बटन'समोर हायबरनेट निवडून सेव्ह करा. आता घरातल्या कुणीही घाईत कॅबिनेटचं बटण एकदा दाबलं तरी काम वाचतं. बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं मात्र की मशीन सक्तीने बंद होतं. हा फरक घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

६. परत पॉवर ऑप्शन्समध्ये येऊन 'चेंज प्लॅन सेटिंग्ज' उघडा. स्क्रीन १० मिनिटांनी, स्लीप ३० मिनिटांनी ठेवा. मग 'अॅडव्हान्स्ड' खिडकीत स्लीपखाली 'अलाउ हायब्रिड स्लीप' चालू करा. यात मशीन स्लीपमध्ये जातानाच रॅमची प्रत डिस्कवरही ठेवतं. मधे वीज गेली तर ती प्रत कामी येते.

हायब्रिड स्लीपचा पर्याय दिसलाच नाही तर मशीन नव्या पद्धतीच्या स्लीपचं असू शकतं. अशा वेळी दिवसाही जेवायला उठताना हायबरनेट करा. रोज डिस्कवर लिहिल्याने एसएसडी झिजेल ही भीती सोडा. दिवसाला ५ जीबी धरले तरी वर्षाचे सुमारे १.८ टीबी होतात, आणि साध्या ५०० जीबी एसएसडीलाही कंपनी शंभराहून अधिक टीबी लेखनाची हमी देते.

मग रोजचा क्रम सोपा आहे. दिवसभरात उठताना स्लीप, रात्री हायबरनेट, आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. रॅम बदलायची असेल, कार्ड बसवायचं असेल किंवा कॅबिनेटमधली धूळ काढायची असेल तर पूर्ण शटडाउन करा, प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि मगच झाकण उघडा. स्लीपमध्ये असलेल्या मदरबोर्डमध्ये वीज असते. त्या अवस्थेत रॅम काढली तर बोर्ड जळू शकतो.

भिंतीवरचं बटण कधी बंद करायचं? पंखा थांबून कॅबिनेटवरचा दिवा विझल्यावरच. स्क्रीन काळी झाली म्हणजे मशीन बंद झालं असं नाही, त्या वेळी डिस्कवर लेखन चालू असू शकतं. दिवा सावकाश उघडझाप करत असेल तर ते स्लीप आहे.

बिलाचा हिशेब असा. स्लीपमध्ये साधारण ३ वॅट लागतात. रोज १६ तास, महिना ३० दिवस धरले तर दीड युनिटही होत नाही. तेच मशीन ६० वॅटवर नुसतं चालू ठेवलं तर २९ युनिट जातात. म्हणजे स्लीप आणि शटडाउन यांच्यातला फरक नगण्य आहे, खरी उधळपट्टी चालू ठेवण्यात आहे.

६०० व्हीएचा साधा यूपीएस घेतला तर सेव्ह करून हायबरनेट करायला पुरेशी १०-१५ मिनिटं मिळतात. त्याला कॅबिनेट, मॉनिटर आणि राउटर एवढंच जोडा. लेझर प्रिंटर त्यावर कधीही नको, गरम होताना तो एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस बंद पडतो. घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना, ते बघा. दुसऱ्या मोडवर वीज बदलायला जास्त वेळ लागतो, दिवे फक्त लुकलुकतात पण संगणक रीस्टार्ट होतो.

रात्री मशीन आपोआप जागं होत असेल तर दोषी बहुधा माउस, नेटवर्क कार्ड किंवा अपडेटचा ठरलेला वेळ असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमधल्या 'पॉवर मॅनेजमेंट'खाली 'अलाउ धिस डिव्हाइस टु वेक द कॉम्प्युटर'ची टिक काढा. कीबोर्डची राहू द्या. अपडेटसाठी वरच्याच अॅडव्हान्स्ड खिडकीत 'अलाउ वेक टायमर्स' बंद करा. जागं झाल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. हे वारंवार होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा.

मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा ना स्लीप पुरतं ना स्पाइक गार्ड. ढग जमताच हायबरनेट करा, प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, आणि लॅनची, म्हणजे राउटरपासून संगणकाला येणारी, वायरही काढा. फायबरच्या तारेतून वीज येत नसली तरी राउटरच्या अॅडॉप्टरमधून लॅनपर्यंत येऊ शकते. गावी जाताना महिनाभर प्लग काढून ठेवला तर मदरबोर्डवरचं घड्याळ पूर्णपणे सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटण सेलवर चालतं. परतल्यावर तारीख मागे गेलेली दिसली आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणू लागला, तर तो सेल बदला.