साधन नको, काम मागा: मदतसामग्रीच्या वाहतुकीत लष्कराशी समन्वय

मदतसामग्रीच्या वाहतुकीत नव्याने आलेला माणूस लष्कराबरोबरच्या बैठकीला बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन जातो: 'आम्हाला दोन हेलिकॉप्टर हवीत.' समोरचा अधिकारी ते टिपून घेतो आणि मागणी तिथेच पडून राहते. त्यात त्याची बेपर्वाई नसते. माल काय, किती, कुठून कुठे, कधीपर्यंत आणि उतरवून कोण घेणार, हे कळल्याशिवाय त्याला नियोजनच करता येत नाही. कदाचित त्या कामाला बोट पुरेल. कदाचित लष्कराच्या अभियंत्यांनी वाटेतला पूल उभा केला तर तुमचेच ट्रक जातील. म्हणून साधन मागू नका, काम मागा.

चांगली मागणी एका पानात बसते. उदाहरणार्थ: 240 कौटुंबिक तंबू, प्रत्येकी 55 किलो, एकूण 13.2 टन, एका गठ्ठ्याची लांबी-रुंदी-उंची अमुक, विमानतळावरच्या गोदामातून अमुक गावच्या मैदानावर, 14 तारखेच्या दुपारपर्यंत, उतरवायला आमची 20 माणसं, ताबा घेणाऱ्याचं नाव आणि फोन, धोकादायक माल नाही. त्याखाली दोन ओळी हव्याच: नागरी वाहतूक का शक्य नाही, आणि ही गरज किती दिवस राहील. या दोन ओळी नसल्या की मागणी परत येते, आणि ते योग्यच आहे.

यामागे नियम आहेत. आपत्तीत परदेशी लष्करी साधनं वापरण्याबाबतची ओस्लो मार्गदर्शक तत्त्वं 1994 साली आली आणि 2006-07 मध्ये सुधारली गेली. संघर्षग्रस्त भागांसाठीची वेगळी तत्त्वं 2003 ची आहेत. दोन्हींचा गाभा असा की नागरी पर्याय संपले तरच लष्करी साधन, तेही ठराविक मुदतीसाठी आणि मदत घेणाऱ्यांकडून पैसे न घेता. कामाचे तीन थर मानले जातात: लोकांच्या हातात थेट मदत देणं, मदतीच्या मालाची वाहतूक करणं, आणि रस्ते, पूल, धावपट्टी, हवाई नियंत्रण यांसारख्या पायाभूत सोयी सांभाळणं. लष्कर जितकं तिसऱ्या थराकडे राहील तितकं बरं. मात्र एक भेद लक्षात ठेवा. आपत्ती आलेल्या देशाचं स्वतःचं सैन्य बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी पोहोचतं. त्याला 'शेवटचा पर्याय' म्हणून थांबवून ठेवणं नैसर्गिक आपत्तीत निरर्थक असतं.

आता पॅलेट, म्हणजे माल रचून जाळीने बांधायचा सपाट पाट. नवखे सर्वाधिक इथे अडकतात. लष्करी मालवाहू विमानांचं प्रमाणित पॅलेट 88 गुणिले 108 इंचांचं असतं. चारही बाजूंना जाळी अडकवायला जागा सोडली की वापरायला 84 गुणिले 104 इंच उरतात. नागरी विमानांची मोठी पॅलेट 125 इंच लांब असतात, त्यामुळे नागरी विमानातून आलेला माल जसाच्या तसा सी-130 या लष्करी मालवाहू विमानात चढत नाही. तो मोडून पुन्हा रचावा लागतो, आणि त्यासाठी सावली, माणसं, फोर्कलिफ्ट आणि काही तास लागतात. हे तास वेळापत्रकात कोणीच धरत नाही. दुसरी गफलत वजनाची. एका लष्करी पॅलेटची मर्यादा साधारण साडेचार टन असते आणि सी-130 च्या नेहमीच्या रूपात सहा पॅलेट बसतात. गुणाकार केला तर 27 टन होतात, पण ते विमान इतकं उचलत नाही; इंधन आणि अंतर धरलं की हिशोब 17 टनांच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. शिवाय मागच्या उताराच्या दारावर बसणाऱ्या सहाव्या पॅलेटला जेमतेम दोन टन आणि कमी उंची चालते. तिथे हलका माल लावा. ब्लँकेट, रिकामे जेरीकॅन यांच्या बाबतीत उलटं होतं: वजन शिल्लक असतं, जागा संपते. म्हणून टन आणि घनमीटर दोन्ही लिहा.

क्लोरीनची भुकटी हा आणखी एक सापळा. पाणी शुद्ध करायचं कॅल्शियम हायपोक्लोराइट विमान वाहतुकीत ऑक्सिडायझर (आग भडकवणारा पदार्थ), म्हणजे धोकादायक मालाच्या वर्ग 5.1 मध्ये मोडतं. घोषणापत्र नसेल तर वैमानिक अख्खं पॅलेट उतरवतो, आणि त्याच पॅलेटवरची औषधंही मागे राहतात. धोकादायक माल नेहमी स्वतंत्र रचा.

विमानतळाचा गळा कुठे आवळला जातो, हेही आधी ओळखा. हैतीत 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर पोर्तो-प्रँसचं बंदर आणि नियंत्रण मनोरा दोन्ही निकामी झाले, आणि एका धावपट्टीच्या विमानतळाची सूत्रं अमेरिकी हवाई दलाकडे गेली. अडचण धावपट्टीपेक्षा विमानं उभी करायच्या जागेची होती. वेळेचा स्लॉट न पाळणारी आणि उतरवणीला उशीर लावणारी विमानं इतरांची वाट अडवत होती. काही मदत-विमानं दुसरीकडे वळवावी लागली. 747 मालवाहू विमानाचा मुख्य डेक जमिनीपासून सुमारे पाच मीटर उंच असतो. उंच लोडर नसेल तर ते विमान भरलेलंच उभं राहतं. तिथे मागून उतार उघडणारं सी-130 किंवा आयएल-76 पाठवणंच शहाणपणाचं. नेपाळमध्ये याची तयारी आधी झाली होती: काठमांडू विमानतळाजवळचं मदतसामग्रीचं केंद्र मार्च 2015 मध्ये सुरू झालं आणि 25 एप्रिलला भूकंप आला. त्या केंद्राने सुरुवातीचे बहुमोल दिवस वाचवले.

हेलिकॉप्टर मिळालंच तर उतरायची जागा तुमची जबाबदारी. एमआय-8 हेलिकॉप्टरचा पंखा सुमारे 21 मीटर व्यासाचा असतो, तेव्हा निदान 50 मीटर लांबी-रुंदीची सपाट, तारा नसलेली जागा शोधा. पत्रे, ताडपत्र्या, प्लॅस्टिक उचलून घ्या. वाऱ्याने उडालेला एक पत्रा पुरेसा असतो. गर्दी आवरणारी माणसं आधी उभी करा. उंची आणि उष्णता वाढली की उचलक्षमता घटते, म्हणून सकाळची फेरी दुपारच्यापेक्षा जास्त माल नेते.

ठिकाण लिहिताना पद्धत ठरवून घ्या. 18.30 अंश म्हणजे 18 अंश 30 मिनिटं नव्हे. तसं वाचलं तर माल 22 किलोमीटर दूर जातो. वेळ लिहिताना ती स्थानिक की झुलू (जागतिक प्रमाणवेळ, यूटीसी), तेही लिहा.

संघर्षाच्या भागात हीच शिस्त माणसांच्या जिवाशी येते. अफगाणिस्तानातल्या कुंदुझमधल्या रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश लष्कराला कळवलेले असूनही 3 ऑक्टोबर 2015 रोजी त्यावर हवाई हल्ला झाला आणि 42 माणसं गेली. कळवणं म्हणजे पोहोचणं नव्हे. प्रत्येक सूचनेची लेखी पोच घ्या, ती कारवाई ठरवणाऱ्यापर्यंत गेली का हे विचारा आणि बदल झाला की पुन्हा कळवा. 2001 मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेने टाकलेली अन्नाची पाकिटं पिवळी होती आणि क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेले, न फुटलेले छोटे बॉम्बही पिवळेच होते. मदत आणि लढाई एकाच हाताने होऊ लागली की असे धोके मुलांच्या वाट्याला येतात. अशा भागात संस्थेच्या गाडीत हत्यार नको, लष्करी ट्रकवर संस्थेचं चिन्ह नको, आणि गोदाम लष्करी छावणीच्या आत नको.

ओळखी कुणाशी करायच्या? मुख्यालयात जे-9 नागरी संपर्क पाहतो, जे-4 पुरवठा आणि वाहतूक, जे-3 प्रत्यक्ष मोहिमा. फक्त जे-9 शी गोड बोलून माल हलत नाही. अधिकारी काही महिन्यांत बदलतात, म्हणून ठरलेलं सगळं त्याच दिवशी ईमेलवर आणा.

शिकायचं असेल तर लॉजिस्टिक्स क्लस्टर या मदतसंस्थांच्या वाहतूक-समन्वय गटाची मार्गदर्शिका इंटरनेटवर मोफत आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ओचा या विभागाचे समन्वयाचे अभ्यासक्रम आहेत. पण आधी गोदाम आणि पाठवणीच्या टेबलावर काम करा. वेबिल (मालाबरोबर जाणारी पाठवणीची पावती), पॅकिंग यादी आणि घनमीटरचा हिशोब हाताला बसला नसेल, तर समन्वयाच्या खुर्चीत बसून तुम्ही फक्त निरोप्या होता.

लष्कर निघण्याची तारीख पहिल्याच बैठकीत विचारा. ती कळली की उलटा हिशोब मांडा: शेवटच्या फेरीच्या निदान आठवडाभर आधी नागरी ट्रकवाल्यांशी करार, त्यांच्या एक-दोन चाचणी फेऱ्या, आणि सैन्याच्या ताब्यातल्या तुमच्या मालाची मोजणी दोघांच्या सह्यांनिशी. सैन्याने आणलेले जनरेटर, फोर्कलिफ्ट आणि दिवे त्यांच्याबरोबरच परत जातात. त्यांची यादी करून बदली आधी मागवून ठेवा.