लेंटचा नेम शेवटपर्यंत कसा टिकवावा

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती घरोघरी एका दमात पाच संकल्प होतात: मटण बंद, गोड बंद, मोबाइल बंद, पहाटे प्रार्थना, रोज चर्च. तिसऱ्या आठवड्यात त्यातला एकही उरत नाही. पुण्यात हे दिवस नेमके बोर्डाच्या परीक्षा, ऑफिसातला मार्चअखेर आणि चढतं ऊन यांच्यात सापडतात. ते धरूनच नेम ठरवा. एक गोष्ट सोडा, एक धरा, एक द्या. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) ६व्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींविषयी बोलतो. आपलाही नेम त्या तिन्हींना धरून असावा.

धरायला मार्कचं शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय, सुमारे ६८० ओव्या, म्हणजे क्रमांकित वचनं. रोज १७ वाचल्या की ४० दिवसांत पूर्ण होतं. मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटं पुरतात. रात्रीवर ढकलू नका, झोप जिंकते. सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी वाचा. शिफ्ट असेल तर डबा उघडण्याआधी.

सोडायचं ते असं असावं की त्याचे पैसे मोजता येतील. बाहेरचे १५ रुपयांचे दोन चहा सोडले तर ४० दिवसांत १,२०० रुपये होतात. ते त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाका. पैसे कोणाला द्यायचे हे पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर ते घरखर्चात जिरतात.

उपवासाचे नियम मंडळीगणिक, म्हणजे चर्चच्या पंथागणिक, वेगळे आहेत. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, १८ ते ५९ वयापर्यंत, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं. मांसवर्ज्य १४ वर्षांपासून. इतरांनी आपल्या चर्चच्या पाळकांना विचारावं. साबुदाणा-वऱ्याची सक्ती आपल्याकडे नाही, साधी भाकरी-पिठलं उत्तम. पाणी मुळीच तोडू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, दिवस गेले असतील, तर जेवण टाळू नका. दुसरं काही सोडा.

आता नेम मोडतो तेव्हाचं. बहुतेकांचा लेंट इथेच संपतो. चार दिवस वाचन चुकलं की ६८ ओव्या मागे पडतात, ती थकबाकी फेडायला बसलं की धीर सुटतो आणि मग पुस्तकच उघडलं जात नाही. म्हणून थकबाकी फेडू नका. आजच्या १७ ओव्या वाचा, राहिलेल्या राहू द्या. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. चाळीस होतात ते सहा रविवार वगळून, कारण रविवार पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपवास नाही. दर आठवड्याला देवानेच थांबायला आणि पुन्हा उभं राहायला जागा ठेवली आहे. मंडळीतल्या एकाला सांगून ठेवा: रविवारी उपासनेनंतर मला विचारा, आठवडा कसा गेला. वसतिगृहात किंवा एकटं राहणाऱ्यांनी हे नक्की करावं.

घरात मृत्यू झाला असेल, नोकरी गेली असेल, आजारपण असेल, तर नेम बाजूला ठेवा आणि फक्त बायबलातली स्तोत्रं घ्या. १३वं स्तोत्र सहाच ओव्यांचं आहे. ‘कुठवर’ असं विचारत सुरू होतं आणि गाण्यापाशी येतं. १३०वं पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचं. ८८वं मात्र अंधारातच संपतं, तरी तेही पवित्र शास्त्रातली प्रार्थनाच आहे. प्रार्थनेत आशा वाटलीच पाहिजे अशी अट नाही. देवाशी बोलणं थांबू नये, इतकंच सांभाळा.

पवित्र सप्ताहाची, म्हणजे ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याची, तयारी आधी करा. गुड फ्रायडेला सुट्टी असते, आदल्या गुरुवारी नसते. संध्याकाळच्या उपासनेसाठी लवकर निघायचं तर साहेबांना सोमवारीच सांगा. शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना अनेक चर्चमध्ये दुपारी १२ ते ३ चालते. क्वार्टर गेटचं चर्च असो की पंचहौदचं, ऐन दुपारच्या उन्हात निघायचं आहे. म्हाताऱ्यांसाठी रिक्षा आधी ठरवा, पाण्याची बाटली घ्या. शनिवारी साठवलेल्या पैशांचा डबा मोजा आणि पैसे त्याच दिवशी पोचवा, म्हणजे ज्यांना ते द्यायचे त्यांच्या घरीही ईस्टरचं जेवण होईल.